बाळाजीचं सोवळं

कुमुदिनी सबनीस यांच्या घरात संडासाचं नाव कुणी घेत नसे. त्याला 'तिकडे' म्हणायचं. तिकडे जाऊन आलं की पाय धुवायचे, पाय धुतले की नळ धुवायचा, नळ धुतला की पुन्हा हात. बदलापूरला पाणी एक दिवसाआड यायचं त्या काळातही यात काटछाट झाली नाही. नवरा अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी होता. तो म्हणायचा, बारवी धरणाची उंची सरकारनं आमच्या हिच्यासाठीच वाढवली. अशा बाईच्या पोटी राजसी जन्माला आली, भरपूर शिकली, सूक्ष्मजीवशास्त्रात डॉक्टर झाली आणि तिनं कामासाठी विषय निवडला तो नेमका 'तिकडचा'.

"मुलगी कॅन्सरवर संशोधन करते, एवढंच सांगते मी लोकांना," कुमुदिनीबाई म्हणायच्या. "कशातून करते ते विचारू नका म्हणावं."

राजसीची प्रयोगशाळा आनंदनगर एमआयडीसीत होती. एका बंद पडलेल्या कारखान्याची शेड संस्थेनं घेतली होती, तिला आतून पांढरा रंग दिला होता आणि मागच्या खोलीत मोठमोठे फ्रीजर ओळीनं मांडले होते. त्या फ्रीजरांत माणसांची विष्ठा होती. छोट्या छोट्या बाटल्यांत, नंबर घातलेली, दगडासारखी गोठलेली. आजूबाजूच्या कारखान्यांतले कामगार त्या शेडला काय म्हणत ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण काम थट्टेचं नव्हतं. कॅन्सरवर एक नवं औषध शिरेतून देतात. ते स्वतः गाठीला हात लावत नाही, शरीराची झोपलेली ताकद उठवतं आणि मग ती ताकद गाठीवर तुटून पडते. मात्र कुणाची उठते, कुणाची काही केल्या उठत नाही. लाखो रुपयांचं औषध एकाला लागू पडतं आणि शेजारच्या खाटेवरच्याला पाण्यासारखं निघून जातं. ज्यांच्या आतड्यात काही विशिष्ट जिवाणू नांदतात त्यांना ते जास्त लागू पडतं, असं जगात ठिकठिकाणी दिसायला लागलं होतं. राजसी त्याच जिवाणूंच्या मागे होती. ज्याला गुण आला त्याच्या पोटातले जिवाणू ज्याला गुण येत नाही त्याच्या पोटात नेऊन पेरले तर? मुंबईच्या एका इस्पितळाबरोबर तिचा हा प्रयोग चालला होता. इस्पितळ आजारी माणसं पाहायचं, राजसी त्यांची पोटं.

बाळाजी तिला या प्रयोगातच भेटला. बारवी धरणाच्या पलीकडच्या एका पाड्यावर त्याची भातशेती होती. मूत्रपिंडाच्या कॅन्सरनं त्याला गाठलं, तो फुप्फुसापर्यंत पोचला, खोकून खोकून माणूस अर्धा झाला. डॉक्टरांनी आशा सोडल्यासारखंच औषध सुरू केलं आणि काही महिन्यांत फुप्फुसातले डाग असे पुसले गेले की डॉक्टरांनी दुसऱ्यांदा स्कॅन करून खात्री केली. राजसीनं त्याची बाटली तपासली. तिला हवे होते ते जिवाणू बाळाजीच्या पोटात अक्षरशः गर्दी करून होते. इतके तिनं कुणात पाहिले नव्हते. आंबिलीनं असेल, विहिरीच्या पाण्यानं असेल, वाडवडिलांकडून आले असतील. का, ते तिला सांगता येत नव्हतं. पण बाळाजी तिच्या प्रयोगातला सगळ्यात मौल्यवान माणूस होता, आणि हे तिनं त्याला सांगितलंही होतं. पाड्यावर गेली तेव्हा मोबाईलवर फोटो दाखवून म्हणाली होती, "हे बघा, हे जंतू तुमच्या पोटात आहेत. चांगले जंतू."

बाळाजीनं फोटो पाहिला. काळ्या पडद्यावर हिरव्या अळ्या दाटीनं पसरल्या होत्या. त्याचा चेहरा पडला, पण मॅडमसमोर तो काही बोलला नाही.

नमुना द्यायला मात्र तो कधी लाजला नाही. डबा पुढे करायचा आणि म्हणायचा, "घ्या मॅडम, ताजा माल." प्रयोगशाळेतला सम्यक, राजसीचा मुख्य मदतनीस, त्यावर दरवेळी नव्यानं हसायचा.

औषधाच्या दिवशी इस्पितळात सकाळी लवकर पोचावं लागे आणि पाड्यावरून त्या वेळेला काही वाहन नसे. तेव्हा राजसीनंच सुचवलं की आदल्या दिवशी आमच्याकडे बदलापूरला या, तिथून निघा. सुचवून बसली आणि मग तिला घर आठवलं. आईचं काय? पण कुमुदिनीबाईंनी तिची भीती खोटी पाडली. बाळाजीला आणि त्याच्या बायकोला, बकुळाला, त्यांनी टेबलावर बसवून आपल्या हातानं मऊ भात आणि तूप वाढलं. एकदा औषधानंतर परत येताना बाळाजीला उलटी झाली ती नेमकी दिवाणखान्यात, कुमुदिनीबाईंच्या आवडत्या सतरंजीवर. बाळाजी मेल्याहून मेल्यासारखा झाला. बाईंनी पदर खोचला, बादली आणली आणि सगळं स्वतः पुसून काढलं.

"मावशी, ऱ्हाऊ द्या, बकुळा करील," बाळाजी भिंतीला टेकून म्हणाला.

"बकुळा सकाळपासून तुमच्यामागे धावतेय. तुम्ही पडा गप्प," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

नळ धुणाऱ्या बाईनं हे केलं, हे राजसी विसरली नाही. बाळाजी तर नाहीच नाही.

पुढच्या वर्षी कुमुदिनीबाईंना धाप लागायला लागली. आधी म्हणाल्या वय झालं, मग म्हणाल्या जिना उंच आहे. स्कॅन झाला तेव्हा उजव्या फुप्फुसात लिंबाएवढी गाठ होती आणि यकृतावर दोन डाग. जन्मात तंबाखूला हात न लावलेली बाई. राजसीनं रिपोर्ट वाचला आणि तिला आधी राग आला. आईचा नाही, नशिबाचाही नाही, त्या रिपोर्टच्या नीटस टायपिंगचा. मग स्वच्छतागृहात जाऊन ती रडली.

बाळाजीला दिलं तेच औषध आईलाही सुरू झालं. महिने गेले, गाठ जागची हलली नाही, उलट वाढली. डॉक्टरांनी राजसीकडे पाहिलं आणि राजसीनं खाली पाहिलं. दोघांच्याही मनात एकच गोष्ट होती. संस्थेच्या समितीनं परवानगी दिली, अट एवढीच की आईच्या उपचारांचे निर्णय दुसऱ्या डॉक्टरांनी घ्यावेत. राजसीनं फक्त नमुना आणायचा.

नमुना कुणाचा, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न हा होता की बाळाजीची एकही बाटली फ्रीजरमध्ये उरली नव्हती. शेवटची दोन महिन्यांपूर्वीच उंदरांना दिली होती. राजसीनंच सांगितलं होतं द्यायला, एक शोधनिबंध पुरा करायचा होता म्हणून. उंदीर झकास बरे झाले होते.

देणाऱ्याला घेणारा कोण ते कळू द्यायचं नाही, असा नियम असतो. राजसीनं हा नियम दुसऱ्यांना शिकवला होता. ती पाड्यावर पोचली तेव्हा भात झोडून झालं होतं, अंगणात पेंढ्याची उडवी रचलेली होती आणि बाळाजी पायरीवर बसून विळ्याला मूठ बसवत होता. "कुणाला तरी द्यायचंय" एवढं म्हणून भागलं असतं. त्यानं नेहमीसारखा डबा भरून दिला असता आणि वर विनोद केला असता. पण गेले कित्येक दिवस राजसी सगळ्यांसमोर शास्त्रज्ञ होऊन वावरत होती, आणि त्या अंगणात बकुळानं तिच्या हातात पाण्याचा तांब्या देऊन "मावशी बऱ्या हायेत ना?" असं विचारलं आणि तिचा बांध फुटला.

"आईला द्यायचंय, बाळाजी," ती म्हणाली. "आईलाच झालंय. तुमचं तिच्या पोटात घालायचंय. दुसरा उपाय नाही माझ्याकडे."

बाळाजीनं विळा खाली ठेवला. मग म्हणाला, "मावशींच्या पोटात? माजं?"

"हो."

"आन् त्यातले ते जंतू?"

"तेच तर हवेत."

बाळाजीनं मान हलवली. मॅडम किती मोठ्या मनाच्या, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं. राजसीनं ते पाहिलं आणि त्याचा अर्थ कृतज्ञता असा लावला.

"मंग सोमवारी येतो, ताई," तो म्हणाला. आजवर तो तिला मॅडम म्हणत असे.

"आज दिलंत तरी चालेल. मी डबा आणलाय."

"आज नको. सोमवारी. मी सोता येतो तुमच्या हपिसात."

सोमवारी बाळाजी आला तो पांढरं धोतर नेसून, कपाळाला गंध लावून. बकुळाच्या हातात नारळ होता. प्रयोगशाळेच्या दारात तिनं तो फोडायला काढला तेव्हा सम्यकनं तिला कसंबसं आवरलं. राजसीला ते सगळं पाहून भरून आलं. भरून येण्याऐवजी तिनं चार प्रश्न विचारले असते तर! एक विचारला, रीतीप्रमाणे: ताप, सर्दी, काही औषधपाणी?

"मला काय झालंय औषध घ्यायला?" बाळाजी हसून म्हणाला. "ठणठणीत हाये."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी औषध म्हणजे दुखणाईत माणूस घेतो ते.

संसर्गाच्या सगळ्या तपासण्या झाल्या. सम्यक रिपोर्ट घेऊन आला. "मॅम, इतका क्लीन सॅम्पल मी आजपर्यंत नाही बघितला. एक पण खराब बग नाही. टॉप." नियमानं एवढ्याच तपासण्या सक्तीच्या होत्या. कोणते जिवाणू किती, याची मोजदाद करायला आठवडे लागत आणि ती मागाहून झाली तरी चाले. राजसी थांबली असती तरी कुणी बोललं नसतं. पण आईची धाप रोज वाढत होती, आणि बाळाजीचं पोट तर तिला पाठ होतं. तिनं नमुना इस्पितळात पाठवून दिला.

कुमुदिनीबाईंना सगळं समजावून सांगायची वेळ आली तेव्हा राजसी आठवडाभर शब्द जुळवत होती. बाईंनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कुणाचं?"

"ते सांगता येत नाही."

"बाळाजीचं ना?"

राजसी हातातले कागद नीट लावायला लागली.

"मग चालेल," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचं असतं तर मी नाही म्हटलं असतं बघ. जन्मभर धुतलं ते हे असं वसूल झालं माझ्याकडून."

नमुना सोडण्याआधी त्यांना जहाल गोळ्या दिल्या गेल्या. पोटातले जुने जिवाणू मारून नव्यांना जागा करायची, अशी ती रीत होती. मग दुर्बिणीतून बाळाजीचा नमुना त्यांच्या आतड्यात सोडला. शेत नांगरून, तण काढून पेरणी करावी तसं. त्यानंतरच्या दिवसांत कुमुदिनीबाई जरा हुशारल्या. थालीपीठ मागितलं. बाल्कनीत बसून खालच्या सोसायटीवाल्यांच्या पाइपगळतीवर टीका केली. राजसीला वाटलं, झालं, जमलं. सकाळी आंघोळ करताना ती गुणगुणायला लागली होती.

नवा स्कॅन झाला. गाठ दुपटीच्या जवळ गेली होती आणि यकृतावरचे डाग मोजण्यात अर्थ उरला नव्हता.

त्याच आठवड्यात मोजदादीचा रिपोर्ट आला. राजसीनं तो उघडला आणि तिला आधी वाटलं, दुसऱ्याचाच उघडलाय. बाळाजीच्या नमुन्यात तिचे जिवाणू नव्हते. कमी नव्हते, नव्हतेच. इतर नेहमीचेही बहुतेक मेलेले. सम्यक पांढराफटक पडला, त्याला वाटलं बाटल्यांची अदलाबदल त्याच्या हातून झाली. त्यानं सगळं पुन्हा तपासलं, बाटली बाळाजीचीच होती. माणूस तोच होता, पोट ओसाड होतं.

राजसीनं गाडी काढली आणि पाड्यावर गेली.

बाळाजी शेतावर होता. बकुळा घरी होती आणि थोरला मुलगा जितेश सुट्टीवर आला होता. तो उल्हासनगरला जीन्स शिवायच्या कारखान्यात कामाला होता. राजसीनं जपून, हळूहळू विचारलं. फार विचारावं लागलं नाही. बकुळा तर सांगायला टपलीच होती. कधीपासून कुणी विचारावं असं तिला वाटत होतं.

"ताई, पाच दिस नुसती केळी नि दूध. मीठ नाय, मच्छी नाय. रोज पाटं उठून आंगोळ. मला बोल्ले, त्या माऊलीनं माजं वकलेलं काढलं, नि आता माजी घान तिच्या पोटान घालायची? ते जंतू पन जानार तिच्या पोटान. ताई 'चांगले जंतू' बोलतात ते आमाला वाईट वाटू नये म्हनून. देवाला केळं देतो ते पन धुऊन देतो. मंग जितेशला सांगितला, जंतू मारायची गोळी आन."

"उल्हासनगरला कॅम्प तीनच्या मेडिकलमधून आणली ना मी," जितेश पुढे होत म्हणाला. "शेठला बोललो, एकदम स्ट्राँगवाली देना, पेट में एक भी जंतू बचना नहीं चाहिए. त्यानं दोन टाइपची दिली. बोला, सब साफ हो जाएगा." त्यानं कपाटावरून रिकामं पाकीट काढून दाखवलं. अजून जपून ठेवलं होतं.

राजसीनं नाव वाचलं. इस्पितळानं कुमुदिनीबाईंना जागा मोकळी करण्यासाठी दिली होती, जवळजवळ तीच औषधं. म्हणजे इकडे बाळाजीनं आपलं पोट निर्जीव केलं, तिकडे डॉक्टरांनी आईचं केलं, आणि या रिकाम्यातून त्या रिकाम्यात काहीच नेऊन सोडलं नाही. तिला हसू येईल की काय अशी भीती वाटली.

"मावशींला लागू पडलं ना?" बकुळानं विचारलं.

राजसी काही बोलायच्या आत बाळाजी आला. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला. काठी कोपऱ्यात ठेवून तो पायरीवर बसला आणि खोकला. कोरडा, खोलवरून येणारा खोकला. राजसीनं तो पहिल्यांदा ऐकला होता तेव्हा बाळाजी मरणाच्या दारात होता.

"हे कधीपासून?" तिनं विचारलं.

"पेंढ्याची धूळ गेली असंल," बाळाजी म्हणाला. "ते जाऊ द्या. परत पायजे असंल तर सांगा. माजी तयारी हाये. दर महिन्याला पाच दिस ते करतोच मी. तुमी कदी बोलवाल, आपण शुद्ध असावं."

"दर महिन्याला?"

"व्हय. गोळी, केळी, दूध. जितेश आनतो."

ज्या जिवाणूंच्या जिवावर बाळाजीला आलेला गुण टिकून होता, त्यांना तो दर महिन्याला, नेमानं, श्रद्धेनं मारत होता. आता सांगायलाच हवं होतं. तिनं तोंड उघडलं. समोर बाळाजी बसला होता, गुडघ्यावर हात ठेवून, एखादं मोठं काम पार पाडलेल्या माणसासारखा. तुम्ही जे केलंत त्यानं माझी आई चाललीय, आणि आता तुम्हीही, हे वाक्य मराठीत कसं बोलायचं ते तिला सुचलं नाही. कुठल्याच भाषेत सुचलं नसतं.

"आता गोळ्या बंद करा," ती म्हणाली. "एकदम बंद. आता पुन्हा द्यायची गरज नाही. जेवण नेहमीचं घ्या, आंबील प्या. आणि या आठवड्यात स्कॅन करू."

"म्हंजे लागलं?" बाळाजी म्हणाला.

राजसीनं मान हलवली. कशीही हलवली, त्यानं ती हो अशी घेतली.

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. वडील गेल्यापासून घरात दुसरं कुणी नव्हतंच सांगायला. कुमुदिनीबाई उशांना टेकून बसल्या होत्या, नाकात प्राणवायूची नळी. 'देवाला केळं देतो ते पन धुऊन देतो' इथपर्यंत आल्यावर त्यांना हसू फुटलं. हसता हसता धाप लागली, डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पाणी मग हसण्याचं राहिलं नाही.

"माझंच शिकला गं तो," त्या म्हणाल्या. "माझ्याच घरात बघितलं त्यानं. नळ धुताना."

"आई, चूक माझी आहे. मी त्याला सांगायला नको होतं."

"असेल तुझी. आता काय तिचं लोणचं घालायचंय?" थोडा दम घेऊन त्या म्हणाल्या, "त्याला मात्र कळता कामा नये. मी अशीही जाणारच आहे, राजू. त्याला वाचव."

बाळाजीचा स्कॅन झाला. फुप्फुसातले डाग परत आले होते, पहिल्यापेक्षा जास्त. गोळ्यांमुळेच आले असं कुणी छातीठोक सांगू शकलं नसतं. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, औषधाचा जोर संपतो. राजसीनं ऐकून घेतलं. तिला जे ठाऊक होतं ते सिद्ध करायला पुन्हा शंभर बाळाजी लागले असते. तिनं आपल्या फ्रीजरमधल्या दुसऱ्या माणसांच्या बाटल्या धुंडाळल्या, त्यातली बरी निवडली, डॉक्टरांच्या पाया पडून बाळाजीला दिली. पण त्यात बाळाजीइतके जिवाणू नव्हते. तेवढ्या गर्दीनं ते फक्त बाळाजीकडे होते, आणि काही उंदरांकडे. ते उंदीर शोधनिबंध छापून आल्यावर रीतीप्रमाणे मारले गेले होते.

मे महिन्यात बाळाजी आणि बकुळा कुमुदिनीबाईंना भेटायला आले. राजसीनं नको नको म्हटलं होतं. बाळाजी जिना चढून आला तो घामानं निथळत, हाडं दिसायला लागली होती. बकुळानं पळसाच्या पानांत बांधून करवंदं आणली होती.

"तीन पान्यानी धुतल्यात, मावशी," ती म्हणाली.

कुमुदिनीबाईंची आता फक्त नजर शाबूत होती. गेले दोन दिवस त्यांनी पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. त्यांनी बोटानं खूण केली. बकुळानं एक करवंद त्यांच्या ओठांवर ठेवलं. त्यांनी ते बराच वेळ तोंडात घोळवलं आणि गिळलं. मग बाळाजीला जवळ बोलावून त्याचा हात धरला.

"तुमच्यामुळे इतके दिवस मिळाले," त्या म्हणाल्या. प्रत्येक शब्दाला दम घ्यावा लागत होता. "थालीपीठ खाल्लं मी. विचारा हिला."

बाळाजीनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. राजसी स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. नळ गळत होता. तिनं तो बंद केला नाही.

निघताना बकुळा पुढे जिना उतरली. बाळाजी दारात थांबला.

"ताई, एक बोलायचं व्हतं," तो म्हणाला. "माजं परत वाढलंय ते मला ठावं हाये. डॉक्टरसायबांनी सांगितला. तुमी वाईट नका वाटून घेऊ. मी बसून इचार केला. माज्यातलं जे गुनाचं व्हतं ते मी मावशींला दिलं. मंग माज्याकडं कुठनं ऱ्हाईल? एका माणसाचं दोघांना कसं पुरंल?" तो खोकला, तोंड पुसलं. "बकुळाला नाय सांगितला. पन मला काय दुख नाय. त्यांला लागलं ना?"

आतल्या खोलीतून प्राणवायूच्या यंत्राचा आवाज येत होता. राजसीला ओरडून सांगावंसं वाटलं की नाही लागलं, बाळाजी, तुमचं कुणालाच लागलं नाही, तिलाही नाही आणि तुम्हालाही उरलं नाही. तिनं चौकट घट्ट धरली.

"लागलं," ती म्हणाली.

"मंग झालं," बाळाजी म्हणाला. त्यानं वहाणा घातल्या आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागला. मधल्या वळणावर खोकल्यासाठी थांबला, पुन्हा उतरला. खालचं फाटक वाजेपर्यंत राजसी दारातच उभी राहिली.